मॉंपाझिए: बाजारासाठी आखलेलं गाव

[दृश्य: सकाळचा चौक, व्हॅनमधून माल उतरतोय]

आज गुरुवार, म्हणजे मॉंपाझिएचा आठवडी बाजार. चौकात ताडपत्र्या ताणणं चाललंय, कोंबड्या भाजायची मशीन सुरू झालीय, आणि चीजवाल्या बाईंनी बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या छोट्या चकत्या मांडायला घेतल्यात, इथे त्यांना काबेकू म्हणतात. शेजारी अक्रोड, अक्रोडाचं तेल, बदकाचे डबाबंद प्रकार, आजाँ शहराकडचे सुकवलेले प्लम. पेरिगोरमध्ये आलात आणि बदक, अक्रोड दिसले नाहीत तर समजा रस्ता चुकलात.

पेरिगोर हे जुनं नाव, आजच्या नकाशावर हा नैर्ऋत्य फ्रान्समधला दोर्दोन्य जिल्हा. गावात कायम राहणारी माणसं पाचशेच्या आसपास. आता पाचशे माणसांना एवढा ऐसपैस चौक कशाला लागतो? तर सहसा आधी गाव होतं आणि मग हळूहळू बाजार भरायला लागतो, इथे मात्र गाव आखतानाच बाजार मधोमध धरलेला होता.

वर्ष १२८४. हा मुलूख तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होता, कारण इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा अक्वितेनचा, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या या मुलखाचा, ड्यूकसुद्धा होता. सरहद्दीपलीकडे फ्रेंचांची सत्ता. फ्रेंच राजा नववा लुई, त्याचा भाऊ आल्फॉन्स द प्वातिए याने आधीच या भागात नवी गावं वसवायचा सपाटा लावला होता, इथून वीस-एक किलोमीटरवरचं विलफ्रांश-दु-पेरिगोर त्याने १२६१ मध्ये वसवलं. मग एडवर्ड कसा मागे राहणार! अशा गावांना बास्तीद म्हणतात, आणि दोन-एक शतकांत नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ती तीनशेच्या घरात उभी राहिली.

[दृश्य: वरून दिसणारा गावाचा चौकोन]

वरून बघा, म्हणजे लगेच कळेल. साधारण ४०० मीटर लांब, २२० मीटर रुंद आयत, सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे, सिडकोने सेक्टर पाडावेत तसे प्लॉट. येणाऱ्याला घराला जागा मिळायची, भाजीपाल्याला तुकडा मिळायचा, बाहेर शेती मिळायची आणि मुख्य म्हणजे सनद मिळायची. सनद म्हणजे काय, तर जमीनदाराच्या वेठीतून सुटका आणि गावाचा कारभार बघायला गावातलेच कॉन्सल, म्हणजे आपल्याकडच्या पंचांसारखे. राजाने हे काही धर्मादाय म्हणून केलं नव्हतं बरं का. बाजार भरला की जागेचं भाडं, मालावरची जकात, वजनमापाची फी, सगळं तिजोरीत. शिवाय इथे नांदणारी माणसं म्हणजे सरहद्दीवर आपली माणसं.

आता चौकाच्या कडेने चालू. चारी बाजूंनी कमानी आणि वर घरं. म्हणजे तळमजल्यावरून सगळ्यांनी जायचं-यायचं आणि डोक्यावर कुणाचं तरी बेडरूम! पाऊस आला तरी दुकानदारी चालू, ऊन आलं तरी चालू. आणि या कोपऱ्यात बघा, दोन बाजूंची घरं एकमेकांच्या इतकी जवळ आलीयत की मधून जाताना माणूस आपोआप अंग चोरतो.

[दृश्य: दोन घरांमधली फट, कॅमेरा अगदी जवळ]

या फटीपाशी जरा थांबू. दोन घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मधे फूटभर जागा सोडलीय. आंद्रोन म्हणतात हिला. एका घराला आग लागली तर दुसऱ्याला लगेच लागू नये, छपराचं पाणी खाली जावं, आणि हो, घरातली घाणही इथूनच जायची, त्यामुळे मध्ययुगातला वास कसा असेल ते तुमच्या कल्पनेवर सोडतो. गाईडबुकात फोटो कमानींचे असतात, पण हे गाव आखणाऱ्याचं डोकं बघायचं असेल तर या फटीत वाकून बघा.

चौकाच्या दक्षिणेला ही लाकडी मंडई, सोळाव्या शतकातली. तुळया चेस्टनटच्या, आणि आत ती धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. शेतकरी कुठल्याही गावचा असो, विकायला आणलेलं धान्य इथल्याच मापाने मोजायचं. घरून आणलेलं माप चालणार नाही, कारण भांडणं तिथेच सुरू व्हायची. पर्यटक इथे टेकून आइस्क्रीम खातात, पण एकेकाळी अख्ख्या पंचक्रोशीचा विश्वास या मापांवर होता.

आता तो किस्सा, जो इथे आल्यावर कुणी ना कुणी ऐकवतंच. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेले. मॉंपाझिए आणि विलफ्रांशचं तर आधीपासूनच वाकडं. तर म्हणे एका रात्री विलफ्रांशवाले मॉंपाझिए लुटायला निघाले, आणि नेमक्या त्याच रात्री मॉंपाझिएवालेही विलफ्रांश लुटायला निघाले, पण रस्ते वेगळे घेतले म्हणून वाटेत गाठच पडली नाही! दोघांनाही समोरचं गाव बिनराखणीचं सापडलं, दोघांनी मनसोक्त लुटलं, गाडे भरून खुशीत घरी आले, आणि घरी बघतात तर काय, आपलंच घर साफ. शेवटी बसून तह केला आणि ज्याचं त्याला परत दिलं. हा किस्सा फ्रेंच राजा चौथ्या आंरीचा मंत्री स्युली याच्या आठवणींत आलाय. खरा किती आणि मीठमसाला किती हे ज्याने त्याने ठरवावं, मला स्वतःला तो पूर्ण खरा असावा असं फार वाटतं.

पण याच चौकाने हसू येणार नाही असंही पाहिलंय. स्पेनशी युद्ध सुरू झालं, कर वाढले आणि १६३७ मध्ये पेरिगोरचे शेतकरी उठले. क्रोकां म्हणत त्यांना. त्यांच्यातला एक पुढारी, ब्युफारो नावाचा विणकर, त्याला पकडून इथे, या चौकात, चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. बाजाराच्या गावात सगळ्यांना दिसेल अशी जागा हीच ना.

[दृश्य: दुपार, ताडपत्र्या उतरतायत]

एक वाजत आला की आवराआवर सुरू होते, फ्रेंच माणूस जेवणाची वेळ टळू देत नाही. म्हणून यायचं तर सकाळीच या, कॅश बरोबर ठेवा, आणि घासाघीस करायच्या भानगडीत पडू नका, इथे ती चालत नाही.

आणि शरद ऋतूत आलात, त्यातही चांगला पाऊस होऊन वर ऊन पडलं असेल, तर मंडईत सेप नावाचे जाडजूड देठाचे मशरूम विकायला येतात, आजूबाजूच्या जंगलातले. जंगलात नेमके कुठे सापडले ते विचारू नका, कुणी सांगत नाही. सेपचा बाजार विलफ्रांशलाही भरतो आणि त्यांचं नाव थोडं जास्तच आहे. फक्त ते मॉंपाझिएत बोलून दाखवू नका, तह होऊन चार शतकं झाली असली तरी.