पार्सल वेळेवर आलं होतं

मंडळी, सुट्या भागांच्या साठ्याचं गणित मांडायचं मी कबूल केलंय. पण आधी एक रात्र सांगू द्या. इथल्या निम्म्या मंडळींनी साखर कारखान्यात हंगाम काढलेत, त्यांना ती ओळखीची वाटेल.

जानेवारी महिना, गाळप भरात. रात्री दहाला बगॅस कॅरियरच्या, म्हणजे उसाचा चोथा बॉयलरकडे जळणासाठी नेणाऱ्या पट्ट्याच्या, शाफ्टचं बेअरिंग गेलं. फिटरने हाउसिंग उघडलं तर रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटलेला, रोलर काळ्या ग्रीसमध्ये सांडलेले. बगॅस थांबला की बॉयलर उपाशी, बॉयलर थांबला की मिल बंद. स्टोअरमध्ये ते बेअरिंग एकही नव्हतं. नंबर 22220. पुण्याच्या विक्रेत्याने फोनवर उठून दुकान उघडलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल घातलं, आणि पहाटे पाचला आमच्या माणसाने ते हायवेवर उतरवून घेतलं. सात तास! याहून लवकर कोण देणार?

खोकं उघडलं. 22220 के.

हसू नका, ज्यांना कळलं त्यांनी बाकीच्यांना सांगा. ‘के’ म्हणजे आतलं भोक निमुळतं, बाराला एक उताराचं. ते शाफ्टवर चढवलेल्या निमुळत्या नळीवर, स्लीव्हवर बसतं. आमचा शाफ्ट सरळ, 100 मिलिमीटरचा. फिटरने टोकावर धरून पाहिलं, तर मोठ्या तोंडाकडून आत शिरतंय आणि डुगडुगतंय. विक्रेत्याने रात्री विचारलं होतं, “के पाहिजे का?” फोनवरच्या पोराने “हो” म्हटलं. त्याला मी आजही दोष देत नाही. बिनकार्डावर, म्हणजे स्टोअरच्या खणाला लावलेल्या नोंदीच्या कार्डावर, नुसतं ‘बेअरिंग, मोठं’ लिहिलेलं होतं.

दुसरं यायला दुपार झाली. तोवर यार्डात ट्रॉल्यांची रांग, उन्हात ऊस वाळतोय, वजन घटतंय, साखर उतरतेय. ट्रॉलीखाली सावलीला बसलेला शेतकरी “किती वेळ, साहेब?” एवढंच विचारायचा. त्याला काय सांगणार, एका अक्षरासाठी थांबलोय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

किती मागवावं याचं सूत्र अमेरिकन अभियंते फोर्ड हॅरिस यांनी 1913 साली मांडलं. ज्याचा खप सारखा असतो त्याला ते चालतं. तीन वर्षांत एकदा जाणाऱ्या बेअरिंगला चालत नाही. तिथे एवढंच विचारा: हे नसलं तर काय थांबतं, आणि यायला किती दिवस लागतात? मिल थांबत असेल आणि माल लांबून येत असेल, तर एक नग ठेवाच, भले तो दोन वर्षं हलला नाही तरी. हिशेबनीस ‘पडीक माल’ म्हणतील. त्यांना यार्डात घेऊन जा.

रोज लागणाऱ्या वस्तूंचं सोपं आहे. हंगामात महिन्याला आठ ऑइल सील लागतात, माल यायला पंधरा दिवस, म्हणजे तोवर चार जातील. वर दोन जादा धरा. सहा उरले की इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाका. सरासरी मात्र हंगामाचीच काढा. वर्षाचा खप बारा महिन्यांनी भागलात तर आकडा फसवा येतो.

आणि ठेवलेलं जपा. रबराचं सील उन्हापासून लांब, बेअरिंग त्याच्या मूळ वेष्टनात. राखीव मोटारीचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवा, नाहीतर एकाच जागी बसून बेअरिंगला खड्डे पडतात. ऑफ सीझनला मशीन उघडलं की नेमप्लेट पुसून पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, बिनकार्डावर उतरवा. कोरी कार्डं मी आणलीत, दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत, जाताना घेऊन जा.