रियल-टाइम ग्रुपला सीपीयूचा वेळ कसा वाटायचा

मंडळी, लिनक्समध्ये फिफो या रियल-टाइम पॉलिसीवरचा (म्हणजे ज्याला वेळेवर चालणं भाग आहे असा) टास्क स्वतःहून थांबेपर्यंत किंवा त्याच्या वरच्या प्रायॉरिटीचा कोणी येईपर्यंत सीपीयू सोडतच नाही. असा एखादा टास्क इन्फिनिट लूपमध्ये अडकला आणि मशीनला कोअर एकच असेल तर साधं शेलसुद्धा हलणार नाही, मग तो मारायची कमांड तरी कुठे टाइप करणार? म्हणून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बरीच वर्षं, २०२४ मध्ये ६.१२ कर्नल येईपर्यंत, डिफॉल्ट असं होतं की दर १ सेकंदात सगळ्या रियल-टाइम टास्कनी मिळून ०.९५ सेकंदच घ्यायचा, उरलेला बाकीच्यांना.

आता ग्रुप. कर्नल बिल्ड करताना रियल-टाइम ग्रुप शेड्युलिंग ऑन केलं असेल तर सीग्रुपच्या (टास्कच्या गटांच्या) पहिल्या आवृत्तीत, व्ही१ मध्ये, प्रत्येक ग्रुपला दोन आकडे मिळतात, पीरियड म्हणजे वेळेची खिडकी आणि रनटाइम म्हणजे त्या खिडकीत किती वेळ चालायचं. नवीन ग्रुपचा रनटाइम ० असतो आणि लोक नेमके इथेच अडकतात, ग्रुप बनवला, त्यातला टास्क फिफोवर टाकायला गेले की परमिशनची एरर, मग रूटने चालवून बघतात, तरी तेच. रूट असून काय उपयोग, ग्रुपच्या खात्यात वेळच नाहीये! आणि मला हे पटतं, कारण वेळ कुठून काढायचा ते आधी ठरवायलाच हवं. मुलांच्या ग्रुपची बेरीज पेरेंटच्या वाट्याबाहेर गेली तर कर्नल तो आकडा घेतच नाही.

खरी गोम पीरियडमध्ये आहे. समजा ऑडिओच्या ग्रुपला ४० टक्के द्यायचेत. १ सेकंदात ४०० मिलिसेकंद लिहा, नाहीतर ५ मिलिसेकंदात २ लिहा, टक्के तेच. पण पहिल्या सेटिंगमध्ये ग्रुपने सलग ४०० मिलिसेकंद खाल्ले की पुढचे ६०० तो थ्रॉटल होऊन (कर्नलने अडवल्यामुळे) बसला. ४८ किलोहर्ट्झला २५६ फ्रेमचा बफर (वाजायच्या आवाजाचा छोटा साठा) साधारण ५.३ मिलिसेकंदात संपतो, म्हणजे शंभराच्या वर बफर रिकामे गेले, आवाज तुटला, आणि सीपीयूचा आलेख बघाल तर ४० टक्के, सगळं ठीक.

मग प्रत्येक ग्रुपला हवा तो पीरियड द्यावा का? तिथे अजून एक अडचण आहे. शेड्युलिंगचे संशोधक लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्येच दाखवलं की एका प्रोसेसरवर ज्याची डेडलाइन सगळ्यात जवळ त्याला आधी चालवलं तर बेरीज १०० टक्क्यांपर्यंत गेली तरी सगळे वेळेत बसतात, फिक्स्ड प्रायॉरिटीत मात्र टास्क बरेच असले की हमी ६९ टक्क्यांच्या आसपासच संपते. लिनक्सचं हे ग्रुप शेड्युलिंग डेडलाइन बघून ग्रुप निवडत नाही. त्यामुळे रनटाइम ही फक्त वरची मर्यादा, तुमच्या ऑडिओला वेळ मिळतो तो इतरांना लगाम आहे म्हणून.

पक्की हमी हवी असेल तर २०१४ मध्ये ३.१४ कर्नलसोबत आलेली डेडलाइन पॉलिसी घ्या, तिथे टास्क आत घेतानाच कर्नल हिशोब तपासतो. फक्त रनटाइम टाकताना सरासरी टाकू नका, मशीनवर पूर्ण लोड देऊन सगळ्यात वाईट वेळ मोजा आणि तो टाका, कारण तेवढा वेळ संपला की हा टास्कसुद्धा पुढच्या पीरियडपर्यंत थांबवला जातो.