कुलूप चाकाला नाही, फ्रेमला लावा

पुढं सरका लेकरांनो, मागं पंख्याच्या आवाजात ऐकू येणार नाही. सरांनी मला सायकलच्या कुलपावर बोलायला बोलावलंय. ट्यूशन एरियातून सायकली जातात हे लातूरात कुणाला नव्यानं सांगायला नको, आणि गेली की घरी फोन करणं फार जड जातं, सोयाबीन विकून घेतलेली असते ती.

तर पहिलं सांगतो. मागच्या चाकाला ते गोल कुलूप असतं ना, सायकलीसोबतच बसवून मिळतं ते, ते फक्त चाक फिरू देत नाही. उचलून न्यायला त्याची काहीच अडचण नाही. पंधरा-अठरा किलोची सायकल, मागचं चाक जरा वर धरलं आणि पुढच्या चाकावर ढकलत नेली की बघणाऱ्याला वाटतं पोरगं पंक्चर काढायला चाललंय, कोण हटकणार त्याला? म्हणून सायकल जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधलेली पाहिजे. लोखंडी खांब, खिडकीची पक्की जाळी, गेट. प्लास्टिकच्या पाइपाला नको, आणि बुटक्या खांबाला पण नको, कारण कुलपासकट सायकल वरून काढून घेतात.

आता बांधायचं काय? फ्रेम. बरेचजण पुढचं चाक बांधून वर क्लासला जातात. गिअरवाल्या सायकलींना बऱ्याचदा क्विक रिलीज असतं, खटका ओढला की पाना न लावता चाक सुटतं, मग खाली येऊन बघावं तर खांबाला नुसतं चाक. सीटला पण तसला खटका असेल तर दुकानातून साधा नटबोल्ट बसवून घ्या, फार खर्च नाही त्याला.

कुलपाचं म्हणाल तर बोटाएवढी बारीक केबल बोल्ट कटरनं एका झटक्यात तुटते. चार आकडी नंबर लॉकचे १०,००० नंबर होतात हे खरं, पण स्वस्तातल्या लॉकला ताण देऊन चकत्या फिरवल्या की कुठं अडकतंय ते हाताला कळतं, सगळे नंबर बघायची गरजच पडत नाही. त्यापेक्षा कडक पोलादाचं यू लॉक, म्हणजे इंग्रजी U सारखा जाड दांडा असलेलं कुलूप घ्या, नाहीतर जाड साखळी घ्या. गोल नळीसारखी किल्ली असलेलं मात्र घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची तसली महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडायला लागली होती, कंपनीला ती बदलून द्यावी लागली, आणि तसल्या किल्लीची स्वस्त कुलपं आपल्या बाजारात अजून दिसतात. बॅटरीच्या ग्राइंडरपुढं यू लॉक पण टिकत नाही हे पण ऐकून ठेवा, पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, त्यामुळं सायकल माणसांच्या नजरेत लावा, जिन्याखालच्या अंधारात नको.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचे सायकल मेकॅनिक होऊन गेले, २००८ मध्ये वारले, त्यांची पद्धत आहे ही. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून छोटं यू लॉक मागच्या रिम-टायरभोवती आणि खांबाभोवती घालायचं. कुलूप फ्रेमला लागलेलं दिसत नाही, पण रिम त्या त्रिकोणातून निघतच नाही म्हणून फ्रेम पण अडकते. रिम कापायला गेलं तर स्पोकच्या ताणानं ती दाबलेली असते, करवत आत धरली जाते, आणि कापलीच तरी चाक वाया जातं. यू छोटा असला की आत पहार घालून पिरगाळायला पण जागा राहत नाही.

एवढं करून गेलीच तर? पायडलचा धुरा ज्या नळीत असतो तिच्या खाली बऱ्याच फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो आजच काढून घरी व्हॉट्सॲपला टाकून ठेवा. बिल कामून पाहिजे, तर नवीन कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, ५,००० रुपयांच्या आतली चोरी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा किंमत परत दिली तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि तसली चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीला ५,००० च मिळतात, २०२२ च्या आधी ३,५०० होते. म्हणजे त्या लेकीची सायकल नेमकी या रेषेवर येते, आणि मला हे फार टोचतं, कारण तिची शाळा त्या सायकलीवरच चालते. तुमची सायकल त्याच्या वरची असेल तर किंमत बिलावरून दाखवता आली पाहिजे, तोंडी सांगून भागत नाही.

नंबर घासलेली, बिल नसलेली जुनी सायकल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. चोरीची आहे हे माहीत असून घेतली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चला आता खाली, यू लॉक आणि साखळी आणलीय मी, तुमच्याच सायकलीला लावून दाखवतो. इथं खांब दोनच आहेत, तर दोन सायकली उलट तोंडानं उभ्या करून फ्रेमला फ्रेम कशी बांधायची ते पण बघून घ्या, एक पुढं न्यायला गेलं की दुसरी मागं जाते, आणि दोन्ही मिळून उचलून न्यायला एकट्याचं काम राहत नाही.