बिना तर्रीचे पोहे

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्नतेवर. खरं तर त्याहून जास्त लोकांच्या जिभेवर. "असं काही नसते हो", "दिसाले तर चांगला आहे", "आईनं लाडावून ठेवला". घरात असं मूल असेल तर ही वाक्यं तुम्हाला पाठ असतील.

माझा भाचा नऊ वर्षांचा. रविवारी सकाळी आम्ही नागपुरात बर्डीवर, पोह्याच्या ठेल्यावर. त्याला पोहे कोरडे लागतात. तर्री नको, तर्रीत बुडालेला चमचाही नको. (आजकाल तर्रीत चणे कमी अन् तेलच जास्त, पण ते असो.) ठेलेवाल्यानं घाईत तोच चमचा घातला. पोह्यांवर एवढासा लाल ठिपका. भाच्यानं कान झाकले, जागीच डोलायला लागला, "लाल आहे, लाल आहे." बाजूचे काका म्हणाले, "नागपूरचा पोट्टा अन् तर्री नाही? दोन ठेवून द्या, मंग पाहा कसा खाते!"

झालं, मी सुरू! 1943 साली मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरनं ऑटिझमवर काय लिहिलं, आईच्या कोरडेपणामुळे हे होतं हा समज कसा खोटा ठरला, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम कसा आहे. काकांचे पोहे संपले, हात धुतले, निघाले. माझे गार झाले. अन् भाचा डोलतोच आहे, कारण आता माझाही आवाज चढलेला.

बहीण काकांकडे वळलीसुद्धा नाही. गर्दीकडे पाठ करून पोरासमोर उभी राहिली अन् ठेलेवाल्याला म्हणाली, "भाऊ, याला ऑटिझम आहे. नवी प्लेट, धुतलेला चमचा द्या." बस. परत सांगतो, लिहून ठेवा: काय आहे अन् काय पाहिजे, एवढंच. चमचा कोणाच्या हातात आहे ते बघायचं अन् त्यालाच सांगायचं.

आजी-आजोबांना, शाळेतल्या बाईंना मात्र निवांत बसून समजवावं लागतं, एकदा नाही, दहादा. शाळेत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. कागद पाहिला की काहींना लवकर पटतं.

पुढच्या रविवारी आम्ही परत तिथंच. ठेलेवाल्यानं मला नाही, बहिणीला नाही, थेट भाच्याला विचारलं, "बिना तर्रीचे ना, भाऊ?"

भाच्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "चमचा धुवा."