नागपूरहून सुटलेली गाडी

[दृश्य: मोतीबाग, जुनं वाफेचं इंजिन, चाकांचा क्लोजअप]

हे इंजिन नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममधलं, त्या गाडीचं नाही, आधीच सांगून टाकतो नाहीतर रेल्वेवाले मित्र सोडणार नाहीत. ती गाडी 1893 ची, नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली. डब्यात बसलेत नारायण वामन टिळक, कोकणातले चित्पावन ब्राह्मण, कवी, वय बत्तिशीच्या आत. नागपुरातले धनिक अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम केलेलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलेलं, आणि आता पुन्हा नोकरीच्या शोधात. समोर एक गोरा माणूस. गप्पा कशावर, तर संस्कृत काव्यावर! उतरताना त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, हातात दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल. टिळकांना अर्थातच ते पटलं नाही, पण वाचीन असा शब्द दिला होता.

[दृश्य: जुनं बायबल, पेन्सिल, मत्तयचा पाचवा अध्याय]

मग सुरू झालं वाचन. हातात पेन्सिल, खुणा करत करत, पंडित माणूस आधी चुकाच शोधणार ना. पण मत्तयच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. त्याच अध्यायात दहावं वचन आहे, नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला आहे ते धन्य. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते पुस्तकाने लपवलं नव्हतं, आणि टिळकांनाही ते कळत होतं, घर, जात, नोकरी सगळं जाणार. म्हणून आधी नाव लपवून एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार चालला. घाबरले होते, हो. मला तर टिळक इथेच जास्त जवळचे वाटतात, कारण ठाम माणूस एका रात्रीत ठाम होत नाही, आतल्या आत भांडत भांडत होतो. 10 फेब्रुवारी 1895, मुंबई, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी. दोन वर्षं म्हणाला होता तो.

नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूरला गेल्या, काही वर्षं ताटातूट, पुढे परत आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पंढरपूरला शूटिंगला जाणं काही जमलं नाही.

[दृश्य: नागपूर, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, पाठमोरी बाई]

आता आजच्या नागपुरात. या मावशीही बायबल वाचू लागल्या, चेहरा दाखवू नका म्हटलं म्हणून पाठमोऱ्या. बायबल जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आत पेन्सिलच्या खुणा, मुलाच्या शाळेतल्या पेन्सिलच्या. घरात प्रार्थना व्हायला लागली तसं शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, नळावर कुणी बोलेना, आणि मग घरमालक म्हणाला, खोली खाली करा. बाकीचं त्यांनी कॅमेरा बंद करून सांगितलं, ते इथे नाही.

सोडून का नाही देत, असं मी विचारलं, जरा मूर्खासारखंच. त्या भाकरी थापतच होत्या.

“काहून सोडू जी? मी कोणाचं काय घेऊन राहिली? सकाळी प्रार्थनेत पहिले घरमालकाचं नाव घेते, मग माया पोराचं.”

मत्तयच्या त्याच पाचव्या अध्यायातलं चव्वेचाळीसावं वचन, जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी विचारलं, ते वाचून करता का? म्हणाल्या, पहिल्या दिवशी जमलंच नाही, नाव तोंडात यायचं आणि राग यायचा, तरी घेत राहिले.

[दृश्य: सदर, ऑल सेंट्स कॅथेड्रल, दगडी भिंती, खिडकीतून ऊन]

हे चर्च 1851 चं. म्हणजे टिळक नागपुरात आले तेव्हा ते उभंच होतं, रस्त्याने जाता येता दिसलंही असेल, आत मात्र वेगळ्या जगातली माणसं. आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, त्याच टिळकांची गीतं म्हणतात, अभंग आणि ओवीच्या चालीवर, टाळ वाजवून.

[दृश्य: मावशींची खोली, टाळ, तीन-चार बायका. निवेदन थांबतं. दूध उतू जातं, मावशी गाता गाता उठतात, गॅस बारीक करून परत बसतात.]