दर वेळी उजवीकडेच का?

(दृश्य : सातपूर, पहाट. ओट्यावर उघडी वही.)

ही आमची घरखर्चाची वही. आधी दूध, गॅस, भाजीचे हिशेब. दिवाळीनंतरच्या पानांवर मात्र दुसरेच आकडे : रात्री अकरा, ४४. पहाटे तीन, ४८. हे माझ्या लेकीचे श्वास. तेव्हा ती दोन वर्षांची होती.

ह्यांची कंपनी एमआयडीसीत, फर्स्ट शिफ्ट. दिवाळी सरली की नाशिकला थंडी पडते, पोर खोकलं तर कुणाला नवल वाटत नाही. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, कंपन्यांची धूळ. डॉक्टर म्हणाले, बालदमा. पंप दिला.

पंपाचं सांगूनच टाकते, कारण ‘सवय लागेल’ हे मला दहा जणांनी ऐकवलं. तसं नसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, आणि मास्क लावून पंप दिला की औषध सरळ फुफ्फुसात उतरतं, म्हणून ते थोडंच पुरतं. तुमच्या मुलाला दमा असेल तर पंप मनाने बंद करू नका. आमच्या लेकीची घरघर त्याने जात नव्हती, एवढंच.

(दृश्य : झोपलेलं मूल. सदरा वर केलेला, पोट वरखाली होतंय.)

श्वास मोजायचा तो मूल शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

तीन महिन्यांत तीनदा न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिक संपलं की आठ-दहा दिवस बरे, मग पुन्हा ताप. एका दुपारी ती निजली असताना मी तिन्ही एक्स-रे खिडकीच्या काचेला लावले. मला त्यातलं काही वाचता येत नाही. पण पांढरा डाग तिन्हींत एकाच जागी होता, उजवीकडे, खाली. मग तिच्या छातीला कान लावला. डावीकडे श्वास मोकळा. उजवीकडे बारीक शिट्टी.

पुढच्या खेपेला मी एक्स-रे, वही आणि मोबाइलवर काढलेला तिच्या श्वासाचा व्हिडिओ घेऊन गेले. डॉक्टर नवीन होते. बाहेर रांग होती. “लहान मुलांना होतं असं, काळजी करू नका,” म्हणत त्यांनी पेन उचललं. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, “डॉक्टर, एवढंच सांगा. दर वेळी उजवीकडेच का?”

त्यांनी पेन ठेवलं. एक्स-रे पुन्हा उजेडावर धरले. मग विचारलं, “खाताना हिला कधी जोरात ठसका लागला होता?”

आणि मला भाऊबीज आठवली. वाटीत चिवडा, पोरं धावतायत, हिला ठसका, चेहरा लालबुंद. पाठीवर थोपटलं, थांबला. सगळे पुन्हा गप्पांना लागले, मीसुद्धा. तीन महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. पहिला ठसका ओसरला की मूल काही दिवस ठणठणीत वाटतं. आत मात्र दाणा फुगतो, सूज आणतो, त्याच्या पलीकडे कफ साचतो. भूल देऊन, तोंडावाटे श्वासनळीत दुर्बीण घालून तो काढला. डॉक्टरांनी बाटली हातात दिली. अर्धा दाणा, मऊ, तपकिरी.

चार-पाच वर्षांपर्यंत मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका. कूट करून द्या, एका जागी बसवून भरवा.

(दृश्य : वहीचं पान.)

ही शेवटची नोंद. रात्री अकरा, २६. उजवीकडे कान लावला. शिट्टी नाही.

त्याखाली, दूध एक लिटर.