काचेवर काच

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बिणीचा आरसा घरी घासून तयार करता येतो, असं म्हटलं की समोरचा माणूस आधी विचारतो, यंत्र कोणतं लागतं? यंत्र कसलं! जाड काचेच्या दोन चकत्या, काच घासणारी कार्बोरंडमची कठीण पूड, पाणी आणि दोन हात. एक चकती पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर चिमूटभर पूड आणि थोडं पाणी, वर दुसरी चकती. मग वरची काच मागेपुढे ढकलायची, मधूनमधून ती हातातच जराशी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती पाऊलपाऊल सरकत राहायचं.

वरची काच पुढे सरकली की तिचा मध्यभाग खालच्या काचेच्या कडेवर दाबला जातो. म्हणून वरची मधे झिजते, खालची कडेला. वरची खोलगट होते, तोच आपला आरसा; खालची फुगीर. आणि हा खोलगटपणा वेडावाकडा होत नाही, बरं का. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, फिरवले तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहायचे, तर ते गोलाचेच तुकडे असावे लागतात. कुठे उंचवटा राहिलाच तर आधी तोच घासला जातो. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (म्हणजे दूरचा प्रकाश आरशापासून इतक्या अंतरावर एकवटतो अशा) आरशाला मधे खोली लागते ती जेमतेम १.२ मिलिमीटर!

पूड संपत आली हे कानांना कळतं. आधी दणदणीत करकर, मग खरखर, शेवटी नुसती सळसळ. की घातली नवी चिमूट. ८० नंबरच्या जाड पुडीपासून १२०, २२०, ४०० करत बारीक पुडीकडे जायचं, आणि प्रत्येक टप्प्याला पिंप, बादली, फडकी, नखं, सगळं धुऊन काढायचं. माझ्या पहिल्या आरशाच्या वेळी जाड पुडीचा एक कण स्वेटरच्या बाहीत लपून बसला होता. ४०० नंबरवर एकदाच 'कर्र' झालं आणि काचेवर हा लांब ओरखडा! मुकाट्याने परत २२० वर आलो. तेव्हापासून आरसा घासताना अर्ध्या बाह्यांचाच शर्ट.

पुढे पॉलिश. खालच्या काचेवर वितळवलेल्या पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाचा, थर ओतायचा, त्यात चर पाडायचे आणि सेरियम ऑक्साईड या पॉलिशच्या बारीक पुडीचं पाणी घालून घासायचं. पिच दिसायला घट्ट, पण दाबाखाली सावकाश वाहतं, त्यामुळे काचेचा आकार धरून राहतं. अठराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल, त्याचे आरसे धातूचे होते. पॉलिशवरून त्याला हात काढता येईना, तेव्हा बहीण कॅरोलाइनने त्याला घास भरवले. एकदा तर हे सलग सोळा तास चाललं होतं. स्वतः घासलेल्या अशाच आरशातून १७८१ मध्ये त्याला युरेनस दिसला.

आरशाची परीक्षा मात्र मला सगळ्यात आवडते. फुको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ती १८५८ मध्ये मांडली. आपल्या आरशापासून नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिलिमीटरवर बारीक छिद्रातला दिवा ठेवायचा आणि परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीचं ब्लेड आडवं सरकवायचं. डोळा ब्लेडच्या मागे. आकार गोल असेल तर सगळा आरसा एकदम करडा होतो. नसेल तर त्यावर टेकड्या आणि खळगे दिसतात. एकदा आरशावर अंगठा काही सेकंद टेकवून बघा. तेवढ्या उबेने काच फुगते आणि ब्लेडमागून चांगला टेंगळाएवढा उंचवटा दिसतो. मग तो हळूहळू विरतो. म्हणूनच पॉलिश थांबवल्यावर लगेच तपासायला बसू नये, काच निवू द्यावी. घाई झालेले लोक नसलेली टेकडी घासत बसतात.

पण ताऱ्याचा प्रकाश नेमका एका बिंदूत आणायला गोल आकार पुरत नाही, म्हणून आता गोलाचा अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, करायचा. दोन्ही आकार मध्यभागी जुळवले तर आपल्या आरशात कडेला फरक पडतो तो ०.०००३ मिलिमीटरहूनही कमी. तरीही तो हातानेच काढायचा. पाच-दहा मिनिटं पॉलिश, मग निवेपर्यंत थांबणं, मग ब्लेड. इथे माझ्या अनेक संध्याकाळी गेल्या, आणि त्यातला बराच वेळ नुसता वाट बघण्यात.

शेवटी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून घ्यावा लागतो. मला तेवढा धीर नव्हता. कोरी काच जेमतेम चार टक्के प्रकाश परतवते, तरी तशीच नळीत बसवली आणि चंद्राकडे रोखली. चंद्र डोळे न दिपवता, विवरांच्या काठांवरच्या सावल्यांसकट, स्वच्छ समोर उभा होता.